उत्पन्न : निरंक

गेल्या कार्तिकातल्या एका रविवारी संध्याकाळी बीबीच्या आमच्या घराच्या ओसरीवर मी एक फ्रेंच अनुबोधपट लावला. पाहायला सतरा माणसे होती. अकरा बायका, चार पोरे, एक निवृत्त गुरुजी आणि मी. फ्रेंच कुणालाच येत नव्हते. पडद्याच्या तळाशी उमटणारे इंग्रजी वाचू शकणारे दोघेच, गुरुजी आणि मी. आणि गुरुजी नेमके चष्मा घरी विसरून आले होते. तेव्हा चित्रपट संपेपर्यंत मीच मोठ्याने, जमेल तशा मराठीत, फ्रान्समधली हकिकत सांगत राहिलो. घसा बसला. पण त्या संध्याकाळी मला माझ्याविषयीची एक गोष्ट कळली. ती कळायची तीस-पस्तीस वर्षे राहून गेली होती.

बीबी कुठे, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात, जालन्याहून मेहकरकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यावर हे गाव आहे. एका अंगाला जिजाऊंचे सिंदखेड राजा, दुसऱ्या अंगाला लोणारचे सरोवर. उल्केच्या आघाताने काळ्या कातळात झालेले हे विवर पाहायला जगभरातले शास्त्रज्ञ येतात. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थानही मिळाले. म्हणजे जग आमच्या तालुक्यात कधीपासूनच येत आले आहे. आम्ही मात्र जगात फारसे गेलो नाही. मी बँकेत होतो म्हणून बदल्यांच्या निमित्ताने चार जिल्हे पाहिले, आणि कादंबऱ्या लिहितो म्हणून चार लोक ओळखतात, एवढेच.

जग मला पहिल्यांदा दिसले ते तंबूत. मी सात-आठ वर्षांचा असेन. जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. आई मापटंभर ज्वारी द्यायची, ती दुकानात घालून तिकिटापुरते पैसे मिळायचे. मधे दोर बांधून बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचे समाचारचित्र लागायचे. त्याला लोक ‘सरकारी शिनेमा’ म्हणत आणि तेवढ्यात बिडी ओढून येत. मी जागचा हलत नसे. समुद्र मी पहिल्यांदा त्या सरकारी सिनेमात पाहिला. नायक-नायिकेची गाणी केव्हाच विसरलो. ती काळी-पांढरी लाट अजून आठवते.

हे तंबू आता जवळजवळ उठले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी अनेक वर्षे खपून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा अनुबोधपट केला. २०१६ साली कानच्या महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. गंजलेली यंत्रे, चिखलात रुतलेली ट्रक आणि रिळे जाऊन संगणक आल्यावर पोटाची चिंता करणारे मालक त्यात दिसतात. तो पाहताना मला ज्वारीचे मापटे आठवले. आणि गंमत म्हणजे तो पाहिला बीबीतच, मुलीने पुण्याहून आणून दिलेल्या लहानशा प्रोजेक्टरवर, भिंतीला लावलेल्या धुवट धोतरावर!

आमच्या पिढीला चांगला चित्रपट पाहणे ही मोठी यातायात होती. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होते, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या बँक कर्मचाऱ्याला त्याचा काय उपयोग? ऐंशीच्या दशकात दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवू लागले, तेव्हा बंगाली आणि मल्याळी माणसे आमच्या घरात आली. बाकी इराण, फ्रान्स, जपान ही नावे वाचण्यापुरतीच. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि हे अंतर एकाएकी नाहीसे झाले. निवृत्त झाल्यावर मुलीने दोन-तीन मंचांची वर्गणी भरून दिली आणि म्हणाली, “बाबा, आता रोज पाहा.” मी रोज पाहू लागलो. पुढे एकट्याने पाहणे बरे वाटेना म्हणून दर रविवारी ओसरीवर शेजारपाजार बोलावू लागलो.

पहिला मान पोरांना. अब्बास कियारोस्तामी यांचा १९८७ चा इराणी चित्रपट ‘मित्राचे घर कुठे आहे’ लावला. गोष्ट एवढीच, की अहमद नावाच्या मुलाच्या दप्तरात मित्राची वही चुकून येते. वहीत अभ्यास केला नाही तर गुरुजी मित्राला शाळेतून काढणार असतात. अहमद घरच्यांची नजर चुकवून डोंगरापलीकडच्या गावात वही द्यायला धावतो आणि त्याला घर सापडत नाही. मोठी माणसे त्याचे ऐकतच नाहीत. जो तो आपले काम सांगतो. आमची पोरे अवाक्षर न बोलता पाहत होती. शेवटी एक जण म्हणाला, “तिकडचे सरबी असेच हायेत!” गुरुजी माझ्याकडे पाहून कसनुसे हसले. १९९० साली त्या भागात भीषण भूकंप झाला आणि कियारोस्तामी चित्रपटातल्या मुलांची खुशाली विचारत तिथे गेले. त्या शोधावरही त्यांनी चित्रपट केला. हे सांगितल्यावर बायका किल्लारीच्या गोष्टी सांगू लागल्या. १९९३ च्या सप्टेंबरातली ती पहाट आमच्याकडे अजून कुणी विसरलेले नाही. इराण आणि लातूर त्या रात्री एकाच ओसरीवर बसले होते.

मग ‘हनीलँड’ पाहिला. उत्तर मॅसेडोनियातल्या उजाड खेड्यात, वीज नाही, रस्ता नाही अशा घरात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी हातिजे ही बाई. ती रानातल्या आणि भिंतीतल्या मधमाश्या राखते. तिचा नियम एकच: निम्मा मध माझा, निम्मा तुमचा. तिच्या शेजारी गुरेढोरे आणि लेकरे घेऊन एक कुटुंब येऊन राहते. तेही मध काढू लागते. व्यापारी घरधन्याच्या मागे लागतो, आणखी दे, आणखी दे; आणि निम्म्याचा नियम मोडला जातो. पुढे काय होते ते पाहणाऱ्याने पाहावे. २०१९ चा हा अनुबोधपट ऑस्करला दोन विभागांत नामांकित झाला. मला त्यातला तो व्यापारी विसरता येत नाही. चेहरा परका, पण बोलणे ओळखीचे. पेरणीच्या तोंडावर दारात येऊन उभे राहणारे बोलणे!

इथवर सारे ठीक होते. जग पाहत होतो, हळहळत होतो, चहा पीत होतो.

अडखळलो तो जवळच्या चित्रपटापाशी. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ हा २००९ चा अनुबोधपट. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जातात, त्यांच्या बायकांशी बोलतात, आणि मग शहरातल्या सभांमधून प्रश्न विचारतात. रोमचा नीरो बागेतल्या मेजवानीत उजेडासाठी माणसे जाळी, असा दाखला देऊन ते विचारतात, नीरो तर नीरोच होता, पण त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आमचा बुलढाणा होता. त्या वर्षी मी जिल्ह्यातच थकीत कर्जांचे तक्ते भरत होतो. अर्धा चित्रपट झाला आणि मी तो बंद केला. मनात म्हणालो, बँकेला सगळे दोष देतात. ठेवीदारांचे पैसे कुणी सांभाळायचे? नियम मी थोडेच केले होते? मुद्दे एकापाठोपाठ एक सुचत गेले. सगळे मुद्दे बरोबर होते, आणि झोप मात्र लागली नाही.

आता मागे वळून पाहताना वाटते, घराजवळच्या चित्रपटासमोर मी आरोपीच्या वकिलासारखा बसलो होतो. समोर आपलाच जिल्हा दिसला, की माणूस आधी स्वतःला वाचवायला धावतो. दूरच्या देशातला चित्रपट पाहताना ही धावपळ नसते. तिथे आपल्यावर कुणी आरोप केलेला नसतो, म्हणून दार उघडे असते. आणि उघड्या दारातून कोण आत येईल, याचा नेम नसतो.

माझ्या बाबतीत आन्येस वार्दा आल्या. १९२८ साली जन्मलेल्या आणि २०१९ साली गेलेल्या या फ्रेंच दिग्दर्शिकेने सत्तरीच्या उंबरठ्यावर हातात लहानसा डिजिटल कॅमेरा घेतला आणि फ्रान्सभर फिरून २००० साली एक अनुबोधपट केला. इंग्रजीत त्याचे नाव ‘द ग्लीनर्स अँड आय’. ते वाचून मी शब्दकोश काढला. ‘ग्लीनर’ म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतात पडलेले वेचणारा. शब्दकोश मिटला आणि हसू आले. या शब्दासाठी कोश कशाला हवा होता? सरवा! सरवा वेचणारी बाई आणि मी.

शहरातल्या वाचकांना सरवा ठाऊक नसेल. गहू सोंगून नेला, हरभरा काढला, भुईमूग उपटला, कापसाची शेवटची वेचणी झाली, की शेतात चुकूनमाकून काही राहते. ओंबी, घाटा, शेंग, बोंड. मालकाचे झाल्यावर ते वेचायला गावातल्या गोरगरीब बायका जातात. दिवसभर वाकून पदरात वेचायचे, संध्याकाळी पाखडायचे. आमच्याकडे कित्येक घरांत माघ-फाल्गुनाचे चार घास या सरव्यावर निघाले आहेत.

म्हणून हा चित्रपट मी मुद्दाम त्या बायकांनाच दाखवायचे ठरवले. कार्तिकातली ती संध्याकाळ ही अशी आली.

पडद्यावर पहिल्यांदा मिलेचे प्रसिद्ध चित्र येते. १८५७ सालचे. तीन बायका शेतात वाकून कणसे वेचत आहेत. ओसरीवर कुणीतरी म्हणाले, “तिकडंबी वाकूनच येचतात व्हय?” मग ट्रॅक्टरने आणून ओतलेले बटाट्यांचे ढीग आले. बाजाराला ठरावीक मापाचा बटाटा लागतो. मोठा, लहान, वेडावाकडा, हिरवा पडलेला तो माल टनावारी शेतात टाकून देतात. “एवढं आलू? अन् टाकून देलं?” बायकांचा संताप खरा होता. वार्दाबाई त्या ढिगातून बदामाच्या आकाराचा बटाटा उचलून कॅमेऱ्याला दाखवतात. पुढे द्राक्षमळे, सफरचंदांच्या बागा, बाजार उठल्यावर उरलेला भाजीपाला. एक शिकलेला गृहस्थ बाजारातले टाकलेले खाऊन राहतो आणि संध्याकाळी परदेशातून आलेल्या लोकांना फुकट भाषा शिकवतो. “माणसंबी येचतात की!” एक जण म्हणाली. “आपल्याकडं माणसायला लाज येते.” हशा पिकला.

मग काळा झगा घातलेला एक वकील शेतात उभा राहतो. हातात कायद्याचे पुस्तक. तो सांगतो, की पीक निघाल्यावर सरवा वेचणे हा लोकांचा हक्क आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत वेचावे. या हक्काचे मूळ १५५४ सालच्या राजाज्ञेपर्यंत जाते. हे मी मराठीत सांगितले आणि ओसरी एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “कायदाच हाये तिकडं? मंग आपल्याला बांधावरून काहून हाकलतात?”

मला उत्तर देता आले नाही. कारण तो आवाज मी ओळखला होता.

इथे मला १९९१ सालात जावे लागेल. तेव्हा मी याच पंचक्रोशीतल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना शेळ्या, म्हशी, शिलाई यंत्र यांसाठी कर्ज आणि वर सरकारी अनुदान. बीबीची एक बाई शेळीच्या कर्जासाठी आली. गावनात्याने माझी वहिनी. गावात मला ‘भाऊ’ म्हणायची, टेबलासमोर मात्र ‘सायेब’ म्हणाली. अर्ज मी भरून घेत होतो. शेती? नाही. मजुरी? “लागली तं लागते.” बाकी काय करता? “सरवा येचते, सायेब.”

उत्पन्नाच्या रकान्यात मी लिहिले: निरंक. शेरा मारला, परतफेडीची क्षमता दिसत नाही. कागद परत गेला.

मी काही क्रूर माणूस नव्हतो. शेरा नियमाला धरून होता आणि त्या वर्षी शेळ्यांची थकबाकी वरच्यांच्या डोळ्यांत आली होती. पण सरवा हे उत्पन्न असू शकते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. ज्याला पावती नाही, उतारा नाही, ते नाही. आणि हे मी, ज्याला महाभारतातल्या मुंगसाची गोष्ट लहानपणापासून पाठ होती! युधिष्ठिराच्या अश्वमेधात अर्ध्या सोन्याच्या अंगाचे मुंगूस येते आणि म्हणते, तुझा यज्ञ त्या गरीब ब्राह्मणाच्या सातूच्या दानापुढे काहीच नाही. तो ब्राह्मण उंच्छवृत्तीने जगत होता. उंच्छवृत्ती म्हणजे सरवाच. वैशेषिक दर्शनाचे कणाद मुनी शेतातले कण वेचून राहत, अशी आख्यायिका आहे. बायबलमधली रूथही परक्या शेतात कणसे वेचते, आणि कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडावेत, अशी आज्ञा त्या ग्रंथात आहे. ऋषीने वेचले तर व्रत, वहिनीने वेचले तर निरंक. हा हिशेब माझ्या हातचा होता, आणि तो दाखवायला फ्रान्समधली एक म्हातारी यावी लागली.

वार्दाबाईंनी चित्रपटाच्या नावातच स्वतःला वेचणाऱ्यांत बसवले आहे. मी लोकांच्या टाकलेल्या प्रतिमा वेचते, असा त्याचा भाव. मला वाटते, असे चित्रपट शोधणे हाही सरवाच. मंच उघडला की पहिल्या पानावर गोळीबार, खून आणि राजवाडे. तो मोठ्या कंपन्यांचा भरघोस माल. वाकून खाली जावे तेव्हा एखादा ‘हनीलँड’ हाती लागतो. सरकारी पातळीवरही काही घडते आहे. केरळ सरकारने २०२४ साली ‘सी-स्पेस’ नावाचा स्वतःचा मंच सुरू केला, त्याच वर्षी प्रसारभारतीचा ‘वेव्हज’ आला. पण खरी अडचण भाषेची. जगातल्या या चित्रपटांना मराठी उपशीर्षके जवळजवळ नसतातच. त्यामुळे ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच ती वाचता येत नाही. प्रत्येक ओसरीवर घसा बसवून घेणारा निवृत्त अधिकारी कुठून आणायचा? आपली विद्यापीठे, ग्रंथालये, साहित्यसंस्था यांनी वर्षाला पाच-दहा चित्रपटांना मराठी उपशीर्षके दिली, तरी पुष्कळ होईल.

उलट दिशेनेही हे घडते, हे विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच माणसांना घेऊन जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ केला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पुन्हापुन्हा पाटावर बसणारी, शिकू पाहणारी मुलगी आणि भाव न मिळणाऱ्या कापसाकडे पाहणारा बाप. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. तिथल्या अंधारात बसलेल्या एखाद्या कॅनडाच्या माणसालाही आपल्या घरातले असेच काही आठवले असेल, आणि त्याने ते कुणाला सांगितले नसेल.

चित्रपट संपला. पोरे पांगली, गुरुजी गेले. वहिनी बसून राहिली. आता तिची सत्तरी उलटली आहे. पाठीला पोक आले आहे.

“भाऊ,” ती म्हणाली, “ते बकरीचं कागद आठवते का तुमाला?”

मला वाटत होते, ते मलाच तेवढे आठवते. म्हणालो, “आठवतं, वहिनी.”

“काय लिहिलं व्हतं त्याच्यात? मला कोनी सांगतलंच नाई. नुसतं नाई म्हनले.”

मी सांगितले. निरंक म्हणजे काय, तेही सांगितले.

ती रागावेल असे वाटले होते. ती बोटांवर मोजू लागली. “काही नाई कसं, भाऊ? त्या साली आठ पायल्या हरभरा झाला व्हता. गहू तीन. कापूस येगळा इकला. दुसऱ्या सालच्या सरव्यावर म्या पाठ घेतली. तिच्या बकऱ्यायवर पोरीचं लग्न झालं.” मग क्षणभर थांबून म्हणाली, “आता नाई येचाले भेटत. सोयाबीन निघालं का दुसऱ्या दिशी रोटाव्हेटर फिरवतात. पाखरायलाबी काही राहत नाई.”

मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. कर्जदाराच्या परतफेडीच्या क्षमतेचा एवढा स्वच्छ पुरावा माझ्यासमोर क्वचितच आला असेल. तो चौतीस वर्षे उशिरा आला, एवढेच. “चुकलं माझं,” मी म्हणालो. तिने हात झटकल्यासारखा केला आणि भिंतीला धरून उठली.

पुढच्या रविवारी मी ‘नीरोज गेस्ट्स’ पुन्हा लावला, या वेळी शेवटपर्यंत. वहिनी सगळ्यांच्या आधी आली. पदरातून एक पुरचुंडी काढून तिने माझ्यासमोर ठेवली. भाद्रपदात वेचलेले मूग होते, निवडून, पाखडून.

“हे काय?” मी विचारले.

“तिकीट,” ती म्हणाली, आणि पुढे जाऊन बसली.

बँकेची सवय जात नाही. त्या रात्री मी वही काढली, तारीख घातली आणि जमेच्या बाजूला लिहिले: मूग, एक मापटे.